चि. सायलीस : फेतिसोवच्या निमित्ताने

चिंचवड, पुणे
२३ नोव्हेंबर

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या जुन्या कंपनीचे रिलिव्हिंग लेटर परवा कुरिअरने आले. आईने ते आधी देवापुढे ठेवले आणि मगच पाकीट उघडू दिले. नाव, हुद्दा, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, सगळे बरोबर आहे. खाली सही आहे, शिक्का जरा तिरका उमटला आहे पण वाचता येतो. त्याची प्रत तुला मेलने पाठवली आहे आणि मूळ कागद लोखंडी कपाटात, तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या फायलीत लावून ठेवला आहे. ज्या कागदासाठी त्या लोकांनी तुला कित्येक महिने खेटे घालायला लावले, तो तू डेट्रॉईटला पोहोचून स्थिरस्थावर झाल्यावर यावा, याचे हसूही आले आणि चीडही.

या कागदावरून आपल्या दोघांत काय बोलाचाली झाली ते तू विसरली नसशील. ‘कागद मिळो न मिळो, मी निघते, तिकडे कोणी विचारत नाही,’ असे तुझे म्हणणे होते, आणि राजीनामा रीतसर मंजूर झाल्याचे निदान मेलवर तरी आल्याशिवाय विमानात बसायचे नाही, असा माझा हट्ट होता. त्यावर ‘बाबा, ही तुमची सोव्हिएत काळातली भीती आहे,’ असे म्हणून तू दार आपटून गच्चीवर गेलीस. मग तू माझे ऐकलेस, मंजुरीचा मेल घेऊनच गेलीस, पण विमानतळावर नमस्कार करतानाही तुझा चेहरा उतरलेला नव्हता असे मी म्हणणार नाही. सायली, ती भीती नव्हती. त्या सगळ्या महिन्यांत माझ्या डोळ्यांपुढे एक माणूस होता, आणि योगायोग असा की त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे यश आणि सर्वांत मोठा घात ही दोन्ही त्याच गावात घडली, जिथे तू आता राहतेस. म्हणून आज सविस्तर लिहितो आहे. फोनवर हे जमत नाही. तिथे आई मध्येच मेतकुटाचे विचारते.

व्याचेस्लाव फेतिसोव या सोव्हिएत आइस हॉकीपटूचे नाव तू माझ्या तोंडून लहानपणी ऐकले असशील. मी १९८३ साली मॉस्कोला भाषेच्या पूर्वतयारीच्या वर्गात दाखल झालो आणि १९८९ च्या उन्हाळ्यात पदवी घेऊन परतलो. त्या सहा वर्षांत आम्हा भारतीय मुलांना परवडणारी करमणूक म्हणजे बुद्धिबळ, सर्कस आणि आइस हॉकी. आपल्या हॉकीबद्दल तिथे आदर होता, कारण १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताने अंतिम सामन्यात स्पेनला ४–३ असे हरवून सुवर्णपदक घेतलेले लोकांच्या स्मरणात होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आइस हॉकीत अमेरिकेच्या कॉलेजच्या मुलांनी सोव्हिएत संघाला ४–३ असेच हरवले होते, हे मात्र आमच्या होस्टेलच्या दारावरच्या आजीबाईंसमोर उच्चारायची सोय नव्हती. फेतिसोव त्या हरलेल्या संघात होता. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता.

लुझ्निकीच्या क्रीडाप्रासादात आम्ही पहिल्यांदा सामना पाहायला गेलो तेव्हा मला ती काळी रबरी चकती दिसतच नव्हती, इतका तो खेळ वेगवान होता. एखादा खेळाडू कडेच्या फळीवर आदळला की आमच्या बाकापर्यंत हादरा येई, आणि थांबताना स्केटच्या पात्याखालून बर्फाचा भुगा गुडघ्यापर्यंत उडे. हळूहळू नजर बसली आणि मग लक्षात आले की चकतीकडे पाहायचेच नसते, पाच माणसांकडे पाहायचे असते. बचावाला फेतिसोव आणि कसातोनोव, पुढे क्रुतोव, लारिओनोव आणि मकारोव. गोकुळाष्टमीला आपल्या वाड्यात मुली गोफ विणत, तसे ते पाचही जण एकमेकांच्या वाटा छेदत जात आणि कोणाचाही पाय कोणात अडकत नसे. प्रतिस्पर्धी ज्याच्या अंगावर धावून जाई, त्याच्याकडे चकती केव्हाच नसे. फेतिसोव नावाला बचावपटू होता. प्रत्यक्षात आक्रमण त्याच्यापासून सुरू होई.

तो सैन्याच्या क्लबचा, म्हणजे सीएसकेएचा खेळाडू होता आणि कागदोपत्री लष्करी अधिकारी होता. पुढे मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढला. ही गोष्ट नीट लक्षात घे, कारण पुढचे सगळे त्यातून निघते. प्रशिक्षक विक्तोर तिखोनोव १९७७ पासून त्या क्लबचाही प्रमुख होता आणि राष्ट्रीय संघाचाही, म्हणजे खेळाडूला दाद मागायला दुसरी जागाच नव्हती. वर्षाचे दहा-अकरा महिने त्यांना आर्खांगेल्स्कोयेच्या तळावर ठेवले जाई, बायकामुलांपासून दूर. सात वेळा जगज्जेतेपद, १९८४ ला सारायेवोत आणि १९८८ ला कॅल्गरीत ऑलिंपिक सुवर्ण, संघाचे कर्णधारपद, आणि तरी स्वतःच्या घरी झोपायला मुभा नाही. मॉन्ट्रियलच्या संघाने १९७८ मध्ये आणि न्यू जर्सीच्या संघाने १९८३ मध्ये त्याचे नाव आपल्या यादीत घालून ठेवले होते, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये त्याची वाट पाहिली जात होती. पण सैन्याच्या मेजरला परदेशी क्लबात कोण सोडणार?

१९८५ च्या जूनमध्ये मॉस्कोत एक बातमी तोंडोतोंडी पसरली. फेतिसोवचा धाकटा भाऊ अनातोली मोटार अपघातात गेला. तोही हॉकी खेळायचा, विशीदेखील गाठली नव्हती, आणि गाडी फेतिसोव स्वतः चालवत होता. खेळ सोडून द्यावा असे त्या वेळी वाटले होते, असे त्याने पुढे सांगितले. सोडला नाही. त्या हिवाळ्यात तो बर्फावर उतरला तेव्हा आमच्या बाकावरचे एरवी कर्कश ओरडणारे लोक काही क्षण गप्प होते.

मागच्या रविवारी तू सहज म्हणालीस की शिकागोहून मैत्रिणीकडचे दिवाळीचे जेवण आटोपून रात्री एकटीच गाडी चालवत आलीस आणि डोळे मिटायला लागले म्हणून काच खाली करून गाणी मोठ्याने लावलीस. तू हे हसत सांगितलेस. साडेचारशे किलोमीटर, सायली. आईने ऐकले नाही हे बरे झाले, कारण तुझ्या मामाच्या त्या रात्रीनंतर ती खंबाटकीच्या बोगद्यातून दिवसासुद्धा डोळे मिटून जाते. असो. हा विषय मला आज काढायचा नव्हता; मी तुला कागदाबद्दल लिहीत होतो.

तर १९८८ च्या कॅल्गरी ऑलिंपिकपूर्वी तिखोनोवने फेतिसोवला शब्द दिला होता की सुवर्णपदक आण, मग तुला जाऊ देतो. पदक आले आणि शब्द फिरला. तुला तुझा तो वरिष्ठ आठवला असेल, ‘हे प्रोजेक्ट संपू दे, मग बघू’ म्हणणारा. मलाही तोच आठवला होता. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत लारिओनोवने ‘अगन्योक’ या साप्ताहिकात तिखोनोवला उद्देशून उघडे पत्र लिहिले आणि तळावरच्या कैदेसारख्या जगण्याबद्दल सगळे मांडले. लारिओनोवला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत, चष्म्यामुळे आणि बुद्धिबळामुळे. त्याच्या आजोबांनी स्टालिनच्या छळछावणीत वर्षे काढली होती, त्यामुळे घाबरायचे कशाला हे त्याला घरातूनच ठाऊक असावे. आमच्या होस्टेलमध्ये त्या अंकाची एकच प्रत होती आणि ती इतक्या हातांतून गेली की पाने पिनेपासून सुटली. मग १९८९ च्या जानेवारीत फेतिसोवने वृत्तपत्रातून जाहीर केले की तिखोनोवच्या संघात मला खेळायचे नाही. देशाच्या कर्णधाराने! क्लबची दारे त्याला बंद झाली आणि सराव कुठे करायचा हाही प्रश्न पडला. काल हात मिळवणारे लोक फुटपाथ बदलू लागले. संरक्षणमंत्री याझोवने बोलावून सैबेरियात पाठवण्याची धमकी दिली, असे फेतिसोव आजवर सांगत आला आहे.

त्याच्यापुढे सोपी वाट होती. न्यू जर्सीच्या संघाने, तू फक्त निघून ये, बाकीचे आम्ही पाहतो, असे सुचवून पाहिले होते. परदेश दौऱ्यावर असताना हॉटेलच्या मागच्या दाराने बाहेर पडायचे, गाडीत बसायचे, संपले. त्याने नकार दिला. मी जाईन तर पासपोर्टवर शिक्का घेऊन समोरच्या दाराने जाईन आणि माझा करार माझ्या नावाने असेल, एवढेच त्याचे मागणे होते. ‘सोवइन्तरस्पोर्त’ नावाची सरकारी संस्था खेळाडूंचे परदेशी करार करून पगाराचा मोठा वाटा स्वतःकडे ठेवत असे. तेही त्याने मान्य केले नाही. त्या वसंतात मकारोव, लारिओनोव वगैरे सोबत्यांनी दूरदर्शनवर बसून सांगितले की फेतिसोव नसेल तर आम्हीही स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेला जाणार नाही. शेवटी त्याला संघात घ्यावे लागले, संघ जिंकला, आणि त्या उन्हाळ्यात तो रीतसर कागदपत्रांवर न्यू जर्सीला गेला. मी त्याच सुमारास आप्पांच्या पत्रावरून पुण्याला परतलो.

त्याच स्टॉकहोममध्ये वीस वर्षांचा अलेक्सांद्र मोगिल्नी स्पर्धा संपताच बफेलो संघाच्या लोकांबरोबर निघून गेला. इकडे रशियात त्याच्यावर सैन्यातून पळाल्याचा गुन्हा दाखल झाला, आईवडील इकडे, तो तिकडे. तो फार मोठा खेळाडू झाला, आणि ज्याला दुसरा मार्गच दिसत नाही त्याला मी नावे ठेवणार नाही. पण पुढे त्याला विमानप्रवासाची भीती बसली, हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. माणूस ज्या पद्धतीने घर सोडतो ती पद्धत पुढे बरीच वर्षे त्याच्याबरोबर चालते. म्हणून सांगतो, तिकडेही काही सोडायची वेळ आली, नोकरी, भाड्याचे घर, काहीही, तर हिशेब पुरा कर, लेखी घे, प्रत ठेव, व्हिसाचे कागद एकाच फायलीत न ठेवता दुसरीकडेही ठेव, वकिलाचा नंबर फोनमध्ये आणि शिवाय वहीत लिहून ठेव, आणि गाडीच्या विम्याचे कागद गाडीतच ठेव. पुरे. तुला हे सगळे माझ्यापेक्षा जास्त कळते. तू एकतिसाव्या वर्षी स्वतःच्या बळावर गेलीस. तोही एकतिसाव्या वर्षीच गेला होता.

आणि ते वय सोपे नव्हते. वर्तमानपत्रांत ‘महान फेतिसोव आला’ असे छापले गेले, पण पहिली वर्षे त्याला फार जड गेली. आपल्याकडचे बर्फाचे मैदान सुमारे ३० मीटर रुंद, तिकडचे २६. त्या चार मीटरांत त्याचा सगळा खेळ होता. (बघ, मी अजून ‘आपल्याकडचे’ लिहितो. त्या सहा वर्षांचे हे एवढे उरले आहे.) तिकडे चकती दूर फेकायची आणि मागे धावून धक्काबुक्की करून मिळवायची, अशी रीत होती; चकती घेऊन मागे वळणारा, सोबत्याची वाट पाहणारा बचावपटू पाहून प्रेक्षक हुर्यो करीत. प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर येत. स्वतःच्या संघातही ‘हा रशियन आमच्यातल्या एकाची जागा खायला आला’ असे वाटणारे होते. त्यातच काही महिन्यांनी कसातोनोव त्याच संघात आला. बर्फावर वर्षानुवर्षे जोडीने खेळलेले ते दोघे तोवर एकमेकांशी बोलत नव्हते, कारण त्या भांडणात कसातोनोव तिखोनोवच्या बाजूला राहिला होता. तरी दोघांना एकत्र मैदानात उतरावे लागले, आणि न बोलताही एकमेकांकडे चकती अचूक जात होती म्हणतात. तुझ्या त्या मित्राबद्दल, जो तिथल्याच कार्यालयात आहे, मी काहीच लिहिणार नाही. तुमचे तुम्ही पाहा.

इतरांचे निरनिराळे झाले. मकारोवला कॅल्गरीच्या संघात पहिल्याच मोसमात सर्वोत्तम नवोदिताचे पारितोषिक मिळाले, तेही एकतिसाव्या वर्षी. त्यावर एवढी ओरड झाली की पुढे त्या पारितोषिकासाठी २६ ची वयोमर्यादा घालावी लागली. लारिओनोव रमला, इंग्रजी शिकला, आणि आपल्या पगारातला वाटा सरकारी संस्थेला जातो म्हणून मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन खेळला व मगच परतला. क्रुतोवचे मात्र जमले नाही. बर्फावर रणगाड्यासारखा ज्याचा धाक होता तो माणूस व्हँकुव्हरला एकच मोसम टिकला. वजन वाढले, भाषा येईना, घरची ओढ सुटेना. तो २०१२ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी गेला तेव्हा मी दिवसभर कोणाशी बोललो नाही, आणि आई म्हणाली की तुमचा सख्खा असल्यासारखे काय करता. मला सांगायचे एवढेच की जमले नाही तर ती काही लाजेची गोष्ट नाही. तू फोनवर ‘सगळे मस्त आहे’ म्हणतेस. मस्त नसेल त्या दिवशी नाही म्हण. बाहेरचे चार घास खाऊन दिवस काढू नकोस, भात लाव, आणि कंटाळा आला म्हणून रात्री-अपरात्री गाडी काढून फिरायला जाऊ नकोस. तिथे आता पाच वाजताच अंधार पडू लागतो हे मला ठाऊक आहे, मी असे सहा हिवाळे पाहिले आहेत. डांबरावरचा पातळ बर्फ काळा दिसतो, म्हणजे दिसतच नाही.

पुन्हा तेच. क्षमा कर. आता तुझ्या गावाचे लिहितो.

१९९५ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉईट रेड विंग्स संघाने फेतिसोवला घेतले. तो ३७ वर्षांचा होत होता आणि न्यू जर्सीने त्याला जवळजवळ काहीच मोबदला न घेता देऊन टाकले, इतका तो संपल्यासारखा समजला जात होता. ऑक्टोबरमध्ये लारिओनोवही तिथे आला. फेदोरोव, कोज्लोव आणि कॉन्स्तान्तिनोव हे तिघे तरुण रशियन आधीपासून होते. स्कॉटी बोमन हा प्रशिक्षक फार धोरणी. २७ ऑक्टोबर १९९५ रोजी कॅल्गरीत त्याने या पाचही जणांना एकदम मैदानात उतरवले. इतकी वर्षे चकती घेऊन मागे वळणाऱ्या त्या म्हाताऱ्याला आता मागे वळल्यावर तिथे आपला माणूस उभा दिसू लागला. डेट्रॉईट तो सामना ३–० ने जिंकले आणि त्या मोसमात त्यांनी ६२ विजयांचा तेव्हाचा विक्रम केला. माझ्याबरोबर मॉस्कोला असलेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला एक मित्र मला कात्रणे पाठवीत असे. ती वाचताना असे वाटे की आपलेच कोणीतरी उतारवयात पुन्हा घराला लागले आहे. तू त्या वेळी नुकती चालायला लागली होतीस आणि त्यातली दोन कात्रणे तू चघळलीस, हे तुला कधी सांगितले नव्हते.

७ जून १९९७ रोजी डेट्रॉईटने फिलाडेल्फियाला सलग चौथ्या सामन्यात हरवून एनएचएलच्या विजेत्याचा स्टॅन्ली चषक जिंकला. त्या शहराला तो १९५५ नंतर प्रथमच, म्हणजे ४२ वर्षांनी मिळाला. कर्णधार स्टीव्ह आयझरमनने आपली फेरी झाल्यावर चषक फेतिसोवच्या हाती दिला, आणि ३९ वर्षांच्या त्या माणसाने लारिओनोवला बरोबर घेऊन दोघांनी मिळून तो मैदानभर फिरवला. ज्यांना एके काळी स्वतःच्या घरी झोपायची परवानगी नव्हती ते दोघे! मोटारींच्या कारखान्यांत राबणारे ते शहर त्या रात्री त्यांच्या नावाने ओरडत होते. तू ज्या मोटारींचे आराखडे तपासतेस त्यांच्या गावाला हे शोभूनच दिसते. तुला तिथे कामाला बोलावले याचा मला किती अभिमान वाटतो, हे मी तुला तोंडावर सांगितले नाही. वाड्यातल्या आणि कंपनीतल्या सगळ्यांना सांगून झाले आहे.

आणि आता जे टाळत होतो ते लिहितोच. तू पहिल्यांदा फोनवर वुडवर्ड अव्हेन्यूचे नाव घेतलेस तेव्हा मी गप्प झालो होतो आणि तुला वाटले की लाइन तुटली. चषक जिंकल्यानंतर सहाव्या दिवशी, १३ जूनला, फेतिसोव, कॉन्स्तान्तिनोव आणि संघाचा मालिशवाला सेर्गेई म्नात्साकानोव संघाच्या गोल्फच्या कार्यक्रमातून परतत होते. दिवस आनंदाचा होता, मद्यपान होणार हे उघड होते, म्हणून स्वतः गाडी चालवायला नको असा विचार करून त्यांनी शहाण्या माणसासारखी चालकासह लिमोझिन भाड्याने घेतली होती. चालकाला डुलकी लागली. त्याचा परवाना आधीच निलंबित झालेला होता, हे नंतर कळले. डेट्रॉईटच्या बर्मिंगहॅम या उपनगरात, वुडवर्ड अव्हेन्यूवर, गाडी रस्ता सोडून झाडावर गेली. फेतिसोवच्या छातीला मार लागला, तो बरा झाला. कॉन्स्तान्तिनोव, तीस वर्षांचा, त्या लीगमधला सर्वांत कणखर बचावपटूंपैकी एक, कित्येक आठवडे बेशुद्ध होता आणि मेंदूच्या इजेमुळे पुन्हा कधीही खेळू शकला नाही. म्नात्साकानोवही कायमचा अधू झाला. बारा वर्षांपूर्वी ज्याच्या शेजारी बसलेला भाऊ गेला होता, त्याच्या शेजारी पुन्हा हे घडले.

मंत्र्याच्या धमकीला तो पुरून उरला होता आणि प्रेक्षकांची हुर्योही त्याने पचवली होती, पण दुसऱ्याच्या झोपेपुढे कोणाचे काय चालणार. मी इतकी वर्षे या गोष्टीचा विचार करतो आहे आणि मला त्यातून काही शहाणपण काढता आलेले नाही. त्यांनी योग्य तेच केले होते. तुझ्या मामानेही त्या रात्री ड्रायव्हर ठेवलाच होता. म्हणून मी तुला ‘सांभाळून चालव’ म्हणतो तेव्हा तुला वाटते की माझा तुझ्या चालवण्यावर विश्वास नाही. तुझ्या चालवण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ताम्हिणी घाटात पावसात तू गाडी ज्या शांतपणे काढलीस ती मी विसरलेलो नाही. मला भीती वाटते ती झोपेची, तुझ्याही आणि समोरून येणाऱ्याच्याही. भाड्याच्या गाडीत मागे बसलीस तरी पट्टा लाव. चालक जांभया देत असेल तर उतर, भाडे बुडाले तर बुडू दे. शिकागोला जायचे तर रेल्वेने जा किंवा मुक्काम कर. मैत्रिणीकडे सोफ्यावर झोपायला आपल्या घराण्यात कोणाची हरकत नाही.

त्या अपघातानंतर फेतिसोव पुन्हा उभा राहिला. त्याच ऑगस्टमध्ये तो, लारिओनोव आणि कोज्लोव चषक घेऊन मॉस्कोला गेले. स्टॅन्ली चषक रशियात जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि तो समोरच्या दाराने गेलेल्या माणसाच्या हातातून गेला याचे मला विशेष वाटते. पुढच्या मोसमात संघाने आपल्या दोन जायबंदी सोबत्यांची आद्याक्षरे छातीवर वागवली आणि १९९८ च्या जूनमध्ये पुन्हा चषक जिंकला. वॉशिंग्टनमध्ये कॉन्स्तान्तिनोवला चाकाच्या खुर्चीतून बर्फावर आणून चषक त्याच्या मांडीवर ठेवला. फेतिसोवने चाळिशीत खेळ थांबवला, न्यू जर्सीतच सहायक प्रशिक्षक झाला, मग मायदेशी परतून क्रीडा खात्याचा प्रमुख झाला, २००९ मध्ये वयाच्या ५१ व्या वर्षी एका सामन्यापुरता पुन्हा सीएसकेएकडून उतरला. पुढे तो राजकारणात गेला; तो फेतिसोव मला तितकासा भावत नाही, पण त्याची चर्चा तू इकडे आलीस की करू. क्रुतोवला परतावे लागले आणि फेतिसोव परतला, या दोन्हींत फरक आहे हे तुला मी समजावून सांगायला नको. तुला परत ये असेही मी म्हणत नाही. आप्पांनी मला लिहिले तसे पत्र मी तुला लिहिणार नाही, हे मी तू जन्मलीस तेव्हाच ठरवले आहे.

रेड विंग्सचे आताचे स्टेडियम वुडवर्ड अव्हेन्यूवरच, पण गावाच्या दक्षिण टोकाला आहे असे नकाशात दिसते. एखादा सामना जरूर पाहा, तिकिटाचे पैसे मी देतो. मोठ्या सामन्याला तिथले लोक बर्फावर चक्क ऑक्टोपस फेकतात, ती १९५२ पासूनची प्रथा आहे. हे आईला सांगू नकोस, ती तुझे जेवणखाण कुठे चालले आहे याची पुन्हा चौकशी सुरू करेल. चकतीकडे पाहू नकोस, माणसांकडे पाहा. सामना संपायला रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा जाताना कोणाची तरी सोबत घे आणि घरी पोहोचल्यावर दोन शब्द टाक. इकडे सकाळ झालेली असते, मी जागाच असतो.

आईने भाजणी आणि मेतकूट वेगळे पाठवले आहे, पावती सोबत आहे. तिचे गुडघे बरे आहेत, माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, तेव्हा आमची काळजी नको. पत्र लांबले, त्यातले उपदेशाचे भाग सोडून वाचलेस तरी चालेल.

कळावे,
तुझे
बाबा

ता.क. : हिवाळ्याचे टायर अजून बसवले नसशील तर याच शनिवारी बसवून घे, चारही, फक्त पुढचे दोन नव्हेत. बिलाचा फोटो पाठव. पैसे लागले तर कळव, पण ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे मला ऐकायचे नाही.